बहुतेकांचं नाक

ग्लासाच्या तळाशी चिकटवलेल्या निळ्या पट्टीचं एक टोक सुटलं होतं, आणि ते अंगठ्याने दाबून बसवताना एरेंदिराच्या लक्षात आलं की आपण हे चौथ्यांदा करतोय – दाबायचं, हात काढायचा, ते परत उठायचं. पट्टीवर तिच्याच अक्षरात चारचा आकडा. बाकीच्या चार ग्लासांच्या पट्ट्या मुकाट बसल्या होत्या. यालाच काय धाड भरली होती कोण जाणे. तळ ओला होता का? नाही. सगळे ग्लास तिने स्वतः धुतले होते, बिनवासाच्या साबणाने, बिनवासाच्या फडक्याने पुसले होते, गेली चौदा वर्षं पुसत आली तसेच. तिने दाराकडे पाहिलं. वाइन चाखायच्या बैठकीच्या खोलीत कुणी नव्हतं. माणसं अकराला यायची होती. तिने चार नंबर उचलला आणि नाकाशी नेला.

आधी फळ आलं, पिकून काळं पडलेलं. मग लाकूड. मग लांबून कुठून तरी तंबाखू... आणि मनात एक वेडी आशा उठली की नाही, आज नाही, गेला एकदाचा, सुटले – आणि तेवढ्यात तो आला. ओला पुठ्ठा. सगळ्या चांगल्या वासांच्या मागे, भिंतीला टेकून उभा. तिने ग्लास खाली ठेवला. पट्टीचं टोक पुन्हा उठलं होतं.

ऑगस्ट संपत आला होता. दोन आठवड्यांत द्राक्षांची तोडणी सुरू होणार, त्याआधी तळघरातली पिंपं रिकामी व्हायला हवीत, म्हणजे कोणती वाइन कशात मिसळून बाटलीत भरायची ते आज ठरणार. आणि या वर्षीच्या बाटलीवर नाव तिचं असणार होतं. प्रेस्टन हॅलोरन तीस वर्षं वाइनमेकर राहून निवृत्त होत होते, आणि मालक ग्रेडी लुंडग्रेन यांनी मार्चमध्येच सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं – पुढची वाइनमेकर एरी. ज्यांचे बाप या दरीत द्राक्षं तोडून मेले, त्यांच्या पोरी अशा खुर्चीवर किती बसल्या असतील? तिला तरी एक सांगता आली नसती. लेबलचा नमुना भिंतीवर टाचलेला होता. ‘एरी’, एवढंच. आडनाव नाही. त्सिन्त्सुन म्हणताना गिऱ्हाइकाची जीभ अडखळते, लुंडग्रेन म्हणाले होते, आणि एरी कसं, मैत्रिणीसारखं वाटतं. खाली सही होती, ती शहरातल्या कुठल्याशा चित्रकाराने काढलेली, वेलांट्या लांबवलेली, शेवटच्या अक्षराला फुलासारखं वळण दिलेली. हॅलोरनची सही लेबलवर तीस वर्षं त्यांची स्वतःचीच होती, कोंबडीने उकरल्यासारखी. तिला कुणी सही करायला सांगितलंच नाही. आणि तीही म्हणाली होती, छान आहे.

छान आहे! किती वेळा म्हटलं असेल हे मी या खोलीत...

दाराशेजारी जुनी पाटी होती: बैठकीच्या दिवशी महिलांनी अत्तर, क्रीम, सुगंधी तेल लावू नये. महिलांनी. ही पाटी लागली तेव्हा इथे महिला एकच होती. तेव्हापासून तिने काही लावलं नव्हतं, बैठकीच्या दिवशी नाही आणि इतर दिवशीही नाही. केसांनासुद्धा तोच ग्लास धुवायचा साबण. परवा आमाने, तिच्या आईने, तिला जवळ घेतलं आणि जरा वेळाने म्हणाली, “तुझ्या अंगाला वासच येत नाही गं मिहा, पोरी. पूर्वी डोळे मिटून सांगितलं असतं, ही माझी पोर.” आमा हसत म्हणाली होती. एरेंदिराला मात्र परतताना रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून रडावं लागलं होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती तळघराच्या पायऱ्या उतरली आणि पाचव्या पायरीवर थबकली. हा वास तिच्या जन्माच्या ओळखीचा होता. नदीकाठच्या मजुरांच्या बराकी, पुराचं वर्ष, फरशीवर बापाने द्राक्षांची खोकी उलगडून अंथरलेली आणि त्यावर एकच गादी – सहा माणसं अख्खा हिवाळा त्या ओल्या पुठ्ठ्यावर झोपली. वास शाळेच्या स्वेटरला लागला. शेजारच्या बाकावरची मुलगी एक दिवस दप्तर उचलून दुसरीकडे जाऊन बसली, आणि तेव्हापासून एरेंदिरा दाराबाहेर पडण्याआधी आपली बाही हुंगायची. नाक तिथे तयार झालं तिचं. नंतर कॉलेजात, प्रयोगशाळेत लोक म्हणाले, काय देणगी आहे! देणगी कसली... धास्ती होती ती.

पाचव्या पायरीवरून ती सरळ हॅलोरनकडे गेली होती. त्यांनी ग्लास हुंगला, नीट, चांगला वेळ घेऊन, छताकडे बघत. “नाही बुवा. कसला म्हणतेस?” आणि इथे तिने चूक केली. खरं सांगितलं. बराक सांगितली, गादी सांगितली, खोकी सांगितली. हॅलोरननी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “मग ते तुझ्या लहानपणात आहे एरी, ग्लासात नाही.” आणि हे त्यांनी मायेने म्हटलं, हीच तर पंचाईत. रागावून म्हटलं असतं तर ती भांडली असती.

मग तिने गुपचूप नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवालात लिहिलं होतं: दोष सापडतो, परंतु बहुतेक चाखणाऱ्यांना जाणवेल त्या पातळीच्या किंचित खाली. ते वाक्य तिने इतक्या वेळा वाचलं की त्याला अर्थच उरला नाही. बहुतेक म्हणजे कोण? कुणाची नाकं धरून काढली ही पातळी? तीच ना – जी या टेबलाभोवती बसतात, ज्यांच्या घरात कधी ओल शिरली नाही, ज्यांनी ठरवलं की वाइनला गूजबेरीचा वास येतो म्हणायचं आणि तेहोकोतेचा येतो म्हणायचं नाही. पहिल्या वर्षी तिच्या तोंडून तेहोकोते निघून गेलं होतं. नाताळच्या गरम पेयात आमा टाकते ती आंबट पिवळी फळं, हुबेहूब तोच वास होता. टेबल हसलं. मग तिने दुकानातून गूजबेरीचा मुरंबा आणला, चमच्याने हुंगला, पाठ केला. त्यांचे शब्द शिकले. त्यांची फळं शिकले. फक्त ओला पुठ्ठा मला त्यांच्याकडून शिकावा लागला नाही, आणि नेमका तोच खोटा ठरला.

“अजून हुंगतेच आहेस?” डोन चेमा दारात उभे होते, दोन्ही हातांत नमुन्याच्या बाटल्या. तळघराचे सर्वांत जुने कामगार, तिच्या बापाचे जोडीदार. “त्या ग्लासाला नाक असतं तर त्याने उलट तुलाच हुंगलं असतं एव्हाना.”

“डोन चेमा, तुम्हाला येतो का हो?”

“मला? चाळीस वर्षं गंधकाच्या धुरात काढली पोरी. बायकोने राजमा करपवला तरी मला तिच्या तोंडावरून कळतं.”

“खरं सांगा ना.”

ते बाटल्या मांडत राहिले, एकीचा तळ बाहीने पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. “खरं तुला ठाऊकच आहे. जूनमध्ये मालकांच्या भाचीचं लग्न ठेवलं खाली. तुळया काळ्या दिसतात म्हणाले. प्रेस्टनसाहेब म्हणाले, ब्लीच मार. मी म्हटलं, साहेब, तळघरात ब्लीच? म्हणाले, एकदाच मार रे, फोटोपुरतं. मारलं.”

ब्लीच, जुनं ओलं लाकूड आणि बुरशी – ही तीन एकत्र आली की तो वास जन्मतो, आणि जन्मला की पिंपात शिरतो. या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. हॅलोरनना ठाऊक नव्हतं?

“कागदावर काही नाही हं,” डोन चेमा म्हणाले. “तोंडी सगळं. चौकशी झाली तर बादली कुणाच्या हातात होती? माझ्या. आणि बायकोचं, लुपेचं, डायलिसिस या नोकरीच्या विम्यावर चाललंय... मी तुला गप्प बस म्हणत नाही.”

“म्हणा की. म्हणून टाका.”

“नाही म्हणणार. तुझा बाप वर बसून मला शिव्या घालेल.” ते दाराशी वळले. “तळघरातल्या पोरांनी केक आणलाय. वर पूर्ण नाव घातलंय तुझं, आडनावासकट. बेकरीवालीने दोनदा चुकवलं, दोनदा खरडून पुन्हा लिहायला लावलं.”

ते गेले आणि ती खुर्चीवर बसली – प्रेस्टनच्या खुर्चीवर, मग लक्षात येऊन उठली आणि आपल्या खुर्चीवर बसली. गेले जवळजवळ दोन महिने जो हिशेब ती अंथरुणात, मोटारीत, आंघोळ करताना मांडत होती तो पुन्हा आपोआप सुरू झाला. बोलले तर? चार नंबरची, म्हणजे जुन्या मळ्याची, सगळी वाइन टाकून द्यावी लागेल, डोन चेमा जातील, खुर्ची जाईल. ज्या बाईने बसायच्या दिवशीच खोट काढली तिला कोण बसू देतं? आणि गप्प बसले तर बाटलीवर ‘एरी’. सहा महिन्यांनी कुठला तरी समीक्षक लिहील – दमट. तेव्हा कुणी म्हणणार नाही की हॅलोरनच्या वेळचं आहे. म्हणतील, बघा, बाईच्या हाती दिलं आणि पहिल्याच वर्षी घाण झाली. पुढे वीस वर्षं ते उदाहरण देतील. माझ्यासारखी कुणी अर्ज घेऊन आली की माझी बाटली काढून दाखवतील. इकडे आड तिकडे विहीर असं पुस्तकात वाचताना बरं वाटतं. ती मात्र काठावर उभी राहून राहून दमली होती, आणि कुणीतरी मागून ढकलावं एवढंच तिला हवं होतं.

अकराला चौघे आले. लुंडग्रेन, हॅलोरन, विक्री सांभाळणारा डॅरेल, आणि वर्षातून तीनदा येणारे फ्रान्सचे म्हातारे सल्लागार. लुंडग्रेनबरोबर त्यांच्या आफ्टरशेव्हचा लिंबाचा भपका आत आला आणि पाटीखालून ऐटीत येऊन टेबलाशी बसला. कुणी काही म्हणालं नाही. कधीच म्हणत नसत.

चाखताना बोलायचं नाही, हा नियम. फक्त चूळ भरल्याचे आवाज, आणि बादलीत पिचकाऱ्या. मग वयाच्या क्रमाने मत सांगायचं – आधी सल्लागार, मग हॅलोरन, मग लुंडग्रेन, मग डॅरेल. डॅरेल तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होता. तरी ती शेवटी.

“आज तरी थुंकतेस ना?” लुंडग्रेन बादली पुढे सरकवत म्हणाले. “डॅरेल, तुला सांगितलंय का मी? हिची पहिली बैठक –”

सांगितलं होतं. सगळ्यांना, दर वर्षी. सत्तावीस वर्षांची ती, वडीलधाऱ्या पुरुषांच्या तोंडासमोर थुंकायचं कसं म्हणून प्रत्येक घोट गिळत गेली होती, आणि नवव्या ग्लासानंतर उभं राहायला गेली ती खुर्चीसकट खाली बसली. डॅरेल पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसला. तीही हसली. हसावं कुठे आणि किती, हे तिला आता झोपेतही जमलं असतं.

सल्लागार म्हणाले, चार. सुंदर. खोल. हॅलोरन म्हणाले, चार, माझ्या तीस वर्षांतलं चांगलं. लुंडग्रेन म्हणाले, चारच. डॅरेल म्हणाला की चार विकायला त्याला तोंडसुद्धा उघडावं लागणार नाही. आणि सगळे तिच्याकडे वळले, आधीच हसऱ्या चेहऱ्यांनी, तिचं ‘छान’ ऐकायला.

“चारात ओल आहे,” ती म्हणाली.

आपणच बोललो हे तिला आवाज ऐकून कळलं.

“ओल?” लुंडग्रेन.

“ओल्या पुठ्ठ्याचा वास. जुलैपासून. प्रेस्टनना सांगितलंय मी.”

सल्लागारांनी पुन्हा हुंगलं, खांदे उडवले. डॅरेलने हुंगलं आणि आधी लुंडग्रेनकडे पाहिलं. लुंडग्रेननी नाक खुपसलं आणि हसत म्हणाले, “एरी, घरी काही गोड बातमी नाही ना? माझ्या बायकोला दिवस गेले होते तेव्हा तिला माझासुद्धा वास सहन व्हायचा नाही.”

“तो आजही होत नसेल,” डॅरेल म्हणाला, आणि टेबल हसलं.

“मी एकेचाळीस वर्षांची आहे,” ती म्हणाली, आणि आपण हे का म्हणालो ते तिला कळेना. “तपासून बघा. तीन ग्लासांची परीक्षा घ्या.”

जुन्या मळ्याची चार पिंपं जागेअभावी नव्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली होती; तिथे तुळया नाहीत, ब्लीच नाही. वाइन तीच, फक्त हवा वेगळी. तीन ग्लासांपैकी दोनांत शेडमधली ओतायची, एकात तळघरातली. वेगळा ग्लास कोणता ते ओतणाऱ्याने चिठ्ठीवर लिहायचं, घडी करून बाटलीखाली ठेवायचं, आणि चाखणाऱ्याने ओळखायचं. ओतणारा माणूस तटस्थ हवा. पण हॅलोरन आधीच उठले होते, “मी ओततो,” म्हणत, आणि कुणाला त्यात काही खटकलं नाही. तिला खटकलं. पण एका श्वासात किती खटकून घ्यायचं माणसाने?

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, शाळेत उभं करत तशी. ओतल्याचा आवाज झाला, पेन्सिलीचा झाला.

पहिला ग्लास. फळ, लाकूड, स्वच्छ. इतका स्वच्छ की तिच्या पोटात आनंद हलला – अरे, अशी होती ही वाइन, अशी केली होती मी! दुसरा ग्लास – आणि नाक काठापर्यंत पोचायच्या आत तिला गादी दिसली, फरशी दिसली, बापाचा पुठ्ठा दाबून बसवणारा पंजा दिसला. शंकाच नव्हती. तिसरा: स्वच्छ. ती पुन्हा पहिल्याकडे गेली, पुन्हा दुसऱ्याकडे. दोन महिन्यांत तिला इतकं शांत कधी वाटलं नव्हतं.

“दोन,” ती म्हणाली.

हॅलोरननी बाटली उचलली, चिठ्ठी उघडली, वाचली, आणि घडी पुन्हा होती तशीच घालून बाटलीखाली सरकवली.

“तीन,” ते म्हणाले. हळूच म्हणाले. पडलेल्या माणसाला हात द्यावा तसे.

कुणी हसलं नाही, हे विशेष. लुंडग्रेन तर उठून तिच्याजवळ आले. “अगं, होतं असं. आजचा दिवस मोठा आहे. मला माझ्या लग्नात बायकोचं नाव आठवेना.” सल्लागारांनी फ्रेंचमध्ये काहीतरी बरं म्हटलं. डॅरेलने तिच्यासाठी पाणी ओतलं. चौदा वर्षांत या टेबलावर पहिल्यांदा कुणीतरी तिच्यासाठी काही ओतलं. आणि तिच्या छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. ती चुकली होती! वास नव्हताच. म्हणजे डोन चेमा राहतील, लुपेबाईंचं डायलिसिस चालेल, बाटली जाईल, समीक्षक लिहितील सुंदर, खोल. “मीच वेडी,” ती म्हणाली आणि हसली, आणि या वेळी तिचं हसणं सगळ्यांत मोठं होतं. “चारच घेऊ या. छान आहे.”

“बघ,” हॅलोरन तिच्याकडे न बघता म्हणाले.

जेवायला ते पलीकडच्या घरात निघाले. आवरून मागून ये, लुंडग्रेन म्हणाले; आणि वाइनमेकर झालेली एरेंदिरा ग्लास गोळा करायला लागली, कारण ते कुणीतरी करायला हवंच होतं. खिडकीतून ते चौघे अंगण ओलांडताना दिसत होते. हॅलोरन जरा मागे होते. चालण्यात आज पहिल्यांदाच म्हातारे वाटले.

तिने बाटली उचलली, आणि खाली चिठ्ठी होती. घडी घातलेली.

ते विसरले होते. किंवा त्यांना खात्रीच होती की ही उघडून बघणार नाही. चौदा वर्षं ओळखत होते ते तिला. कागद कुणी मागितलाच नव्हता – लुंडग्रेननी नाही, सल्लागारांनी नाही, तिनेही नाही. तिला तिथल्या तिथे म्हणता आलं असतं, दाखवा. एक शब्द. तो का सुचला नाही? सुचला होता. हो, सुचला होता, आणि मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

तिने परीक्षेतला दोन नंबरचा ग्लास हुंगला. वास तिथेच होता.

चिठ्ठी तिच्या तळहातात होती. तीन असेल, तर मी मूर्ख, माझं नाक गेलं, माझ्या डोक्यात बराक भरलीय... ठीक आहे, मूर्ख माणसं जगतात, त्यांना झोप लागते, त्यांच्या नावाच्या बाटल्या निघतात. पण दोन असेल तर? तर आत्ता या क्षणी हे अंगण ओलांडून पळावं लागेल, ताटं वाढायच्या आत त्यांना गाठून, म्हाताऱ्याच्या तोंडावर हा कागद धरून सगळ्यांसमोर म्हणावं लागेल – आणि मग डोन चेमा, आणि मग आमा, आणि मग ती खुर्ची... बाहेर कुणीतरी तिला हाक मारली. तिने ओ दिली नाही. तीन असू दे, ती म्हणत होती, देवा, तीनच असू दे. आयुष्यभर आपलं नाक खरं ठरावं म्हणून जिवाचा आटापिटा केला होता तिने, आणि आता ते खोटं ठरावं म्हणून ती गयावया करत उभी होती, आणि ती एवढीशी घडी उघडायचं बळ तिच्या बोटांत नव्हतं.